कुंदावैनीचे मुराळी

बीडजवळच्या आमच्या पालीत बसून समुद्राची भरती-ओहोटी सांगणारी एकच बाई होऊन गेली, ती म्हणजे कुंदावैनी. ‘होऊन गेली’ म्हटलं म्हणून हळहळू नका. वैनी ठणठणीत आहे. दत्ताभाऊ रिटायर झाले आणि दोघं संभाजीनगरला लेकीकडे राहायला गेली, एवढंच. पण आमच्या गल्लीपुरती ती होऊनच गेली. तिच्या जागी राहायला आलेल्या कुटुंबाला आज अष्टमी आहे की अमावास्या, याचं काही सोयरसुतक नाही.

वैनीला असायचं. सकाळी दारात सडा टाकता टाकता, कॅलेंडरकडे न बघता ती सांगायची, “वन्सं, आज अमावास्या. दुपारी बाराला भरती. उधाण असणार.” मी शाळेत जायच्या गडबडीत. बिंदुसरेचं धरण तळाला गेलेलं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि ही बाई मला उधाणाची खबर देतेय. “वैनी, नळाला भरती कधी ते सांगा,” असं मी म्हणायची. ती हसायची, चिडायची नाही. अष्टमीला मात्र तिचा आवाज उतरायचा. “आज भांगाची भरती. पाण्यात जोर नाही गो.” त्या दिवशी तिच्या भाजीतही जोर नसायचा, हा माझा पक्का अनुभव आहे.

‘वन्सं’ हा शब्द आमच्या गल्लीत तिनेच आणला. दत्ताभाऊ आमच्या भावकीतले, त्यामुळे मी तिची नणंद. मी सासर लवकर आटोपून माहेरी परत आलेली बाई, गावच्या हायस्कुलात मराठी शिकवते. कुणाची नणंद व्हायची मला हौस नव्हती, पण वैनी ‘वन्सं’ म्हणाली की आपल्याला कुणीतरी पाटावर बसवून ओवाळतंय असं वाटायचं.

आमच्याकडच्या निम्म्या मास्तर लोकांची नोकरी कोकणात आणि जीव बदलीत. दत्ताभाऊही तसेच दापोलीकडच्या एका किनाऱ्यावरच्या शाळेत लागले. बाकीचे मास्तर बदलीची ऑर्डर घेऊन परत येतात, हे ऑर्डर आणि बायको दोन्ही घेऊन आले. एसटीतून उतरलेल्या नव्या नवरीच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात वेताची एक जुनी, मोठी टोपली. आयाबायांना वाटलं, टोपलीत मासे असणार. कुणी तोंडाला पदरही लावला. टोपली रिकामी होती.

ती टोपली तिच्या वडिलांची. त्यांच्या किनाऱ्यावर थंडीत कासविणी यायच्या, वाळूत खड्डा करून अंडी घालायच्या आणि मागे न बघता पाण्यात निघून जायच्या. कोल्ही-कुत्री ती अंडी उकरून खातात, म्हणून वैनीचे वडील त्यावर टोपली पालथी घालून राखण करायचे. दिवस भरत आले की सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायची. एखाद्या सकाळी खाली तळहातावर मावणारी पिल्लं वळवळत असायची. वाळूवर सोडली की समुद्राकडे सरळ चालू लागायची. “त्यांना कुणी सांगितलेलं नसतं हो, पाणी कुठेय ते,” वैनी म्हणायची, आणि सांगताना तिची दोन बोटं गच्चीच्या कोब्यावरून चालत जायची.

आमची गच्ची म्हणजे उन्हाळ्यात कुरडया-पापड्यांचं वाळवण. आम्ही बायका सावलीला बसून कावळे हाकलायचो आणि वैनी बोलायची. समुद्रातल्या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर कशी आहे, सुरूच्या झाडावर समुद्रगरुडाचं घरटं कसं दरवर्षी मोठं होत जातं, खारफुटीच्या चिखलात एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी हलवून एकमेकांना कसे बोलावतात. तिच्या आजीच्या आजीच्या वेळी एक गलबत खडकावर फुटलं आणि त्याच्या फळ्यांची दारं अजून गावात तीन घरांना आहेत, त्या दारांना पावसाळ्यात आपोआप घाम येतो. हे सगळं ती सावकाश, मध्ये मध्ये थांबून सांगायची. ऐकता ऐकता डोळे जड व्हायचे. बालाघाटाच्या डोंगरावरून वारा सुटायचा, आणि मला, भूगोलात बऱ्यापैकी मार्क मिळवलेल्या बाईला, खरंच वाटायचं की कपिलधारच्या पलीकडे उतरलं की समुद्र असेल.

कपिलधारलाही ती जायची. लोक मंदिरात दर्शनाच्या रांगेत उभे राहायचे, ही धबधब्याकडे तोंड करून डोळे मिटून उभी. “गाज ऐकू येते,” म्हणायची. गर्दीतल्या एका आजीने तिला ध्यान लागलंय असं समजून तिच्या पाया पडून घेतलं. वैनीने डोळे उघडून त्या आजीच्या पाया पडून हिशेब मिटवला.

आता टिटवीचं सांगते. वैनीला गावात येऊन फार दिवस झाले नव्हते. धरणाच्या बाजूला बाबूतात्यांचं रान. बाबूतात्या म्हणजे आमच्या गावचं वजनदार म्हातारं माणूस, बोलणं कमी, तंबाखू जास्त. त्यांच्या बांधाजवळ उघड्या जमिनीवर वैनीला टिटवीची अंडी दिसली. खड्यांच्या रंगाची, ठिपक्यांची. कुत्री फिरतायत हे बघून ती धावत घरी आली, टोपली नेली आणि अंड्यांवर पालथी घालून, वर दगड ठेवून, समाधानाने परत आली. तिच्या माहेरी आई अंडी घालून निघून जाते. टिटवीला त्या अंड्यांवर बसायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. टिटवीने जो आरडाओरडा केला तो धरणाच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला.

थोड्या वेळाने बाबूतात्या टोपली हातात घेऊन दारात.

“ए माय, ही टोपली तुजी का?”

“हो. अंडी होती ना, कुत्र्यांनी खाल्ली असती.”

“अगं, टिटवीनं अंडी कुठं घातली ह्यावर आमी पावसाचा अंदाज धरतो. उंचावर घातली तर लई पाऊस. खोलगटात घातली तर काई खरं न्हाई. आन तू आमचा पाऊसच झाकून ठिवला की!”

वैनीचा चेहरा पांढरा पडला. त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून निभावलं. पण पोळ्याच्या दिवसापर्यंत ती रोज आभाळाकडे गुन्हेगारासारखी बघायची, आणि टोपलीला तिने त्यानंतर अंड्यांच्या आसपास फिरकू दिलं नाही.

तात्यांशी तिची गट्टी जमली ती मात्र तिथूनच. वैनी कोकणातली हे कळल्यावर एकदा तात्या ओसरीवर बसून म्हणाले, “आमचे खापरपणजे तुमच्याकडं गेलते. बैलाच्या पाठीवर जवारी घालून घाट उतरायचे, आन मीठ घिऊन यायचे. पुऱ्या मुलखाला मीठ पुरवलंय त्यायनी.”

वैनी हातातलं काम सोडून उठली. “आमच्याकडे आजी सांगायची! मिठागरापाशी घाटावरच्या बैलांचे तांडे उतरायचे. घंटा वाजायला लागल्या की पोरं धावत सुटायची.”

“त्येच आमी,” तात्या म्हणाले. जणू कालच जाऊन आलेत. समुद्र त्यांनी जन्मात बघितला नव्हता. त्यानंतर ते आले की चहा झाल्यावर एकच प्रश्न विचारायचे, “काय माय, आज पानी कुठवर?” आणि वैनी सांगायची.

इतकं सगळं असून वैनी माहेरी मात्र जात नव्हती. आईवडील गेले. भाऊ मुंबईला, त्याने घर विकलं. तिथे आता हॉटेल आहे म्हणे. दत्ताभाऊ भला माणूस, दर सुट्टीत म्हणायचे, “चल, दोन दिवस लॉजवर राहू, मनूला समुद्र दाखवू.” मनू म्हणजे त्यांची लेक. वैनी मान हलवायची. “माझ्या गावात मी लॉजवर राहू? आणि न्यायला कुणी आल्याशिवाय जाऊ? मुराळ्याशिवाय माहेरी गेलेली बाई बघितलीय का कुठे?” पंचमीला गावातल्या सगळ्या सुनांना न्यायला भाऊ यायचे, मोटारसायकली उभ्या राहायच्या, पिशव्या भरल्या जायच्या. वैनी त्या दिवशी सकाळीच धरणाकडे जायची.

धरणावर तिला तिची पाखरं सापडली होती. पांढरी, निमुळत्या पंखांची, डोकं टोपी घातल्यासारखं काळं, चोच पिवळीधमक. पाण्यावर तरंगत तरंगत एकदम सूर मारायची आणि मासा घेऊन वर. पहिल्यांदा दिसली तेव्हा वैनी मला हाताला धरून ओढत घेऊन गेली. “वन्सं, ही आमच्याकडची! आमच्या बंदरावर हीच असतात. एवढा घाट चढून आली बघा.” पुढे ती त्यांना मुराळी म्हणायला लागली. माझे मुराळी आले, माझे मुराळी आज पलीकडच्या काठाला आहेत. एवढ्या लांबून न्यायला आलेत आणि नेत मात्र नाहीत, असं मी एकदा म्हणाले. ती म्हणाली, “भेटून जातात. तेवढं पुरतं.”

गावाने हे धरून ठेवलं. कुणी परगावचा माणूस विचारायचा, ही पाखरं कसली? उत्तर ठरलेलं, “आमच्या कुंदावैनीच्या माहेरची हायत.”

मग ते गाळाचं वर्ष आलं. धरण लवकर आटलं आणि गाळ काढायला जेसीबी उतरले. काळाभोर गाळ, रानात पसरला की चार वर्षं पीक हसतं. पाऊस पडायच्या आत जेवढ्या खेपा होतील तेवढ्या करायच्या, म्हणून सगळ्या गावाचे ट्रॅक्टर पहाटेपासून रांगेला. अडचण एकच. मऊ गाळात चाकं रुतायची. घट्ट मुरमाची वाट होती ती मधल्या उंचवट्यावरून, आणि त्या उंचवट्यावर पांढऱ्या पाखरांनी अंडी घातली होती. नुसती जमिनीवर, खड्ड्यात. एरवी चहूबाजूंनी पाणी असायचं, त्यामुळे कुणी तिकडे जायचं नाही. त्या वर्षी चालत जाता येत होतं.

वैनी तात्यांकडे गेली. काय बोलली ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लांबच्या उतारावरून फिरू लागले. खेपा निम्म्यावर आल्या. तात्यांनी पोरांना एवढंच सांगितलं होतं, “सुनेच्या माहेरची मान्सं दारात आल्यावर त्येंच्या अंगावर टॅक्टर घालतेत का बे?” वैनी रोज उन्हात काठावर बसायची, हातात काठी, कुत्री हाकलायला. टोपली डोक्यावर पालथी घातलेली, ऊन लागू नये म्हणून. मी शाळेला सुट्टी म्हणून तिच्याबरोबर बसायची. पाणी लखलखायचं, ट्रॅक्टरची घरघर लांबून यायची, पाखरं डोक्यावरून ओरडत जायची. दुपार कधी कलायची ते कळायचं नाही. मी तरी इतकी सुखात कधी बसले नव्हते.

आणि मग बीडहून पक्षिमित्र आले. गळ्यात दुर्बीण, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. माणूस सज्जन होता. त्यांनी उंचवटा बघितला, आनंदले, गावाचं कौतुक केलं. बाळू नावाचा तात्यांचा पुतण्या ट्रॅक्टर थांबवून उभा होता. तो अभिमानाने म्हणाला, “ही आमच्या वैनीच्या माहेरची पाखरं हायत, साहेब. समुद्रावरची.”

“नाही नाही,” ते हसून म्हणाले. “या पाखराला सुरय म्हणतात, आणि ही नदीवरची सुरय. समुद्रावरची जात वेगळी, दिसायला सारखी. ही आपल्याच नद्यांवर, धरणांवर आयुष्य काढते. हिने समुद्र बघितलेलासुद्धा नसतो.”

मला त्या माणसाची दुर्बीण धरणात फेकून द्यावीशी वाटली. खरं तेच तो बोलला होता, म्हणून तर जास्त राग आला.

बाळूने डोकं खाजवलं. मागे आणखी दोन ट्रॅक्टर येऊन थांबले होते. “म्हंजे वैनीच्या माहेरची न्हाईत? मग आमी कावून एवढे फेरे मारलालोत बे?” मागून कुणीतरी म्हणालं, “पाऊस तोंडावर आलाय. घाल वरून.” यात त्यांचंही चूक नव्हतं. ज्याच्या रानात गाळ पडला नाही त्याचं वर्ष हातचं जाणार होतं.

वैनीने डोक्यावरची टोपली काढून खाली ठेवली. पाखरांकडे बघत राहिली. तात्या मागच्या ट्रॅक्टरवरून उतरून आले. तेव्हा ती त्यांनाच म्हणाली, “तात्या, माझ्या मनूने समुद्र बघितलाय का?”

“न्हाई.”

“मग ती माझ्या माहेरची नाही?”

वैनी पुढे म्हणाली, “यांच्यातलंही कुणीतरी कधी आलं असेल वर. राहिलं असेल. इथलं झालं असेल.” पक्षिमित्र काहीतरी बोलायला गेले, मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

तात्यांनी तोंडातली तंबाखू थुंकली. उंचवट्याकडे बोट केलं आणि त्या साहेबांनाच विचारलं, “ह्या अंडी घालाया हितंच येत्यात?”

“हो, दरवर्षी. अशा उघड्या पडलेल्या जागेवर.”

“बाळ्या, लेक पयल्या बाळंतपनाला कुठं जाती?”

“माहेराला, तात्या.”

“मग ह्येंचं माहेर कोनतं?”

बाळूने उंचवट्याकडे बघितलं.

“पाली हाय ह्येंचं माहेर. कोकन न्हाई. आपल्या लेकी हायत ह्या, बाळंतपनाला आल्यात. बाळंतिनीला घराभाईर काढलंय का कुनी आपल्यात? फिरव टॅक्टर. पिल्लं उडूस्तोर वरून कुनी जायचं न्हाई.”

“तात्या, पाऊस...”

“पाऊस यील तवा यील.”

बाळूने ट्रॅक्टर फिरवला. पिल्लं उडाली तेव्हा मृगाचे ढग डोंगरावर आले होते. बऱ्याच रानांत गाळ पडायचा राहून गेला, त्यात तात्यांचंही एक रान होतं. त्यावरून ते कधी काही बोलले नाहीत. वैनीने मात्र त्यानंतर पाखरांना मुराळी म्हणणं सोडलं. धरणाकडे जायची, बसायची, पण गप्प असायची. भरती-ओहोटीही सांगेना. मला वाटलं नव्हतं, पण मी त्याची वाट बघायला लागले. “आज काय वैनी, उधाण का?” असं एकदा मीच विचारलं. “असेल,” म्हणाली आणि आत गेली. मला रडू आलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी तात्या आमच्या गल्लीत आले. धुतलेलं धोतर, नवा फेटा, खांद्यावर पिशवी. वैनीच्या ओसरीवर बसले, पाणी प्याले.

“चल माय. आवर.”

“कुठे?”

“तुज्या गावाला. तुज्याकडून कुनी यायला ऱ्हायलं न्हाई, तर आमच्याकडचा मुराळी. घाट उतरायची वाट आमच्या घराला ठावी हाय. मास्तरला इचारलंय म्या.”

वैनी खांबाला धरून उभी राहिली. “तात्या, उतरायचं कुठे पण? घर नाही राहिलं.”

“ती तीन दारं हायत म्हनलीस ना, फुटल्या गलबताची? त्यातल्या एकावर हानू थाप. म्हनू, मिठाच्या बैलावाले आलोत, संगं तुमची लेक हाय. उघडत न्हाईत का बघू.”

वैनी आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मी गेले तर ती ट्रंकेपुढे बसून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. लुगडी मीच भरली.

बीडच्या स्टँडवर मी, दत्ताभाऊ आणि मनू पोचवायला गेलो. मनूची परीक्षा होती, तिला तात्यांनी पुढच्या खेपेचं वचन दिलं. दत्ताभाऊ सारखे चष्मा पुसत होते. “इतकी वर्षं मी लॉज लॉज करत राहिलो,” एवढंच ते मला म्हणाले. टोपलीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तात्यांच्या घरची पायलीभर ज्वारी. ज्वारी का, असं विचारलं तर तात्या म्हणाले, “रिकामं कसं जायचं? जवारी द्यायची, मीठ आनायचं.”

“श्रावणात मीठ कुठलं तात्या,” वैनी म्हणाली. “मिठागरं पाण्याखाली असतात.”

“मंग उन्हाळ्यात पुना जाऊ.”

बस लागली. वैनी खिडकीशी बसली. तिच्या शेजारी तात्या, टोपली मांडीवर, पाठ ताठ, समोर बघत, जणू पुढच्या वळणावरच समुद्र आहे. बस हलली आणि मी बाजूने चालू लागले. काहीतरी बोलायचं होतं, काय ते आठवेना. माहेरीच राहणाऱ्या बाईला असल्या वेळी काय बोलतात ते माहीत नसतं. बस स्टँडच्या फाटकातून वळताना वैनीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, “वन्सं, उद्या सकाळी दहाला ओहोटी! लांबपर्यंत वाळू असेल!”

या वेळी मी तिची थट्टा केली नाही. हात वर करून म्हटलं, “बरं!”

दुसऱ्या दिवशी शाळेत तास चालू होता. फळ्याच्या वरच्या घड्याळात दहा वाजले. मी खडू खाली ठेवला आणि पोरांना म्हटलं, जरा वेळ गप्प बसा.